फेसातला आणि त्याच्या आतला

पाऊस चांगला लागला की सह्याद्रीच्या उतारांवर गवताच्या, झुडपांच्या देठांना पांढरा फेस लागलेला दिसतो. बोराएवढा गोळा, बारीक बुडबुड्यांचा, देठ आणि पानाच्या बेचक्यात अडकलेला. कुणीतरी थुंकून गेलं असावं अशा समजुतीनं माणसं अंग चोरून पुढं जातात. गवताच्या काडीनं तो फेस हलक्या हातानं बाजूला केला तर आत एक मऊ, पिवळसर हिरवं पिल्लू बसलेलं सापडतं. उजेड लागला की ते मागं सरकतं, पोटाचं टोक हलवू लागतं, आणि थोड्या वेळात त्याच्याभोवती पुन्हा बुडबुडे जमतात. तुडतुड्यांच्या भाऊबंदांतला हा कीटक. भातावरचे, कपाशीवरचे तुडतुडे आपल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहेत. हा त्यांच्यातला फेस करणारा.

त्या फेसाचं मला वेड आहे. पण त्याहून जास्त धरून ठेवलंय ते या कीटकाच्या आत राहणाऱ्यांनी. पाऊण सेंटिमीटरही नसलेल्या एका अंगात कोण कोण नांदतं, कोण त्याला जगवतं, कोण त्याला आतून रिकामं करतं, आणि हे सगळं चालू असताना तो बाहेरून किती धडधाकट दिसतो, हे कळल्यापासून कुठलाही किडा नुसता वरून बघून माझं समाधान होत नाही.

या कुळातल्या एका युरोपीय जातीबद्दल फार बारकाईनं लिहिलं गेलंय, म्हणून तिच्यापासूनच सांगतो. नाव फिलीनस स्प्युमेरियस. युरोपच्या कुरणांत, बांधांवर, बागांत हा सर्रास असतो. २०२३ साली त्याच्या खाद्यवनस्पतींची एक मोठी मोजदाद प्रसिद्ध झाली, तिच्यात यादी १,३०० जातींच्या वर गेली. एवढ्या वेगवेगळ्या झाडांवर जगणारा दुसरा कीटक सापडणं कठीण. त्याचं कारण त्याच्या खाण्यात आहे, किंवा खरं तर पिण्यात. मावा झाडाच्या साखर वाहणाऱ्या नळ्यांना सोंड लावतो. हा मात्र मुळाकडून वर चढणारं पाणी पितो. त्या पाण्यात क्षार असतात, नावाला थोडी अमिनो आम्लं असतात, बाकी सगळं पाणीच. पण झाडांची विषं आणि बचावाची द्रव्यंही तिथं फारशी नसतात, त्यामुळे झाड कुठलं याला तितकं महत्त्व उरत नाही.

हे पाणी फुकट मिळत नाही. पानांतून बाष्प उडतं तसं ते वर ओढलं जातं, म्हणजे नळीत ते ताणलेलं असतं. तिथं सोंड खुपसली तर पाणी आपणहून तोंडात येत नाही. उलट किड्यालाच झाडाच्या ओढीहून जोरानं ओढावं लागतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे मोजून दाखवलं. त्याच्या डोक्यातला पंप दहा वातावरणांहून जास्त दाबाइतकी ओढ निर्माण करू शकतो. माणूस उभ्या नळीतून पाणी ओढायला बसला तर कितीही ताकद लावून दहा मीटरांच्या पुढं जाऊ शकत नाही. या किड्याचा हिशेब शंभर मीटरांच्या वर जातो. या कीटकाचा पुढं आलेला, फुगीर चेहरा म्हणजे त्या पंपाचे स्नायू. पुढं पंख फुटल्यावर त्याच्या उडीनंही लोकांना चकित केलं. केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी २००३ मध्ये मोजलं तेव्हा सहा मिलिमीटरचा हा जीव सत्तर सेंटिमीटर उंच गेला.

इतकं निकस अन्न खायचं तर ढीगभर खावं लागतं आणि ढीगभर बाहेर टाकावं लागतं. पिल्लू दिवसाला स्वतःच्या वजनाच्या शंभरपटींहून जास्त पाणी अंगातून काढतं. फेस होतो तो त्याच पाण्याचा. त्यात शरीरातले चिकट पदार्थ मिसळतात, आणि पोटाखालच्या पन्हळीतून हवा ओढून ते टोक त्या पाण्यात घुसळलं जातं. त्यामुळे फेस वाळत नाही, पिल्लू करपत नाही, आणि मुंग्या-कोळ्यांना आत घुसणं नकोसं होतं. श्वास घ्यायला ते पोटाचं टोक फेसाबाहेर काढतं.

आता आत जाऊ.

पाण्यावर शरीर उभं राहत नाही. प्रथिनं बांधायला जी अमिनो आम्लं लागतात, त्यांतली निम्म्याच्या आसपास कुठल्याही प्राण्याला स्वतः करता येत नाहीत. ती अन्नातून यावी लागतात, आणि या अन्नात ती जवळपास नाहीतच. ती करून देतात पोटातल्या खास पेशींत राहणारे जिवाणू. त्यांतला एक, सल्शिया, या कीटकांच्या पूर्वजांत शिरला त्याला किमान २६ कोटी वर्षं झाली. आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात, असा तो तेव्हापासून चालत आलाय. त्याची जनुकं घटत घटत इतकी कमी उरली आहेत की बाहेर तो जगूच शकत नाही. त्याचा दुसरा जोडीदार काही वंशांत बदलला गेला. फिलीनसच्या वंशात जुना जिवाणू गेला आणि त्याच्या कामावर सोडॅलिस नावाचा नवा आला, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे ज्याला आपण एक किडा म्हणतो तो मुळातच एकटा नाही. आत राहणाऱ्यांवाचून तो फार तगणार नाही.

हे मनात ठेवून दुसऱ्या रहिवाशाकडे बघावं असं मला वाटतं. कारण तोही आतच राहतो, पण जगवायला आलेला नसतो.

व्हेरालिया ऑक्टा ही काही मिलिमीटरची काळपट माशी. तिचं कुळ मोठ्या डोक्याच्या माशांचं. डोकं जवळपास गोल आणि त्यातला बहुतेक भाग डोळ्यांनी भरलेला. या माशा गवताच्या काड्यांमधून हवेत एका जागी तरंगत जातात, थांबतात, बघतात. त्यांना फेस करणाऱ्या कीटकाच्या अंगात अंडं घालायचं असतं. पण कधी? पिल्लू फेसात बुडालेलं असतं तोवर ते कठीण. पंख फुटलेला कीटक कडक कवचाचा असतो, आणि त्याच्या उडीबद्दल वर सांगितलंच आहे. या दोहोंच्या मध्ये एक फट आहे. शेवटची कात टाकायच्या आधी पिल्लू पाणी सोडायचं थांबवतं. बाहेरचा फेस वाळतो, आत एक पोकळ खोली तयार होते, आणि त्या खोलीत कात टाकून प्रौढ बाहेर येतो. त्या वेळी तो फिकट, लिबलिबीत आणि मंद असतो. कवच कडक व्हायला थोडा वेळ लागतो, आणि माशी गाठते ती त्याच वेळी.

जॉन व्हिटेकर या इंग्रज संशोधकानं साठच्या दशकात ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या रानात हे सगळं पाहिलं आणि १९६९ पासून पुढची काही वर्षं त्यावर लिहिलं. तिथं ही माशी फिलीनसबरोबर त्याच्या गवतावरच्या एका नातलगालाही, निओफिलीनस लिनिएटसला, धरत होती. त्याच्या कामातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे पद्धत. कुरणातले कीटक जाळीनं गोळा करायचे आणि एकेकाचं पोट उघडून बघायचं. दुसरा मार्गच नाही. ज्याच्या आत अळी आहे तोही उडी मारतो, रस पितो, हात जवळ आला की देठाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. उघडून बघेपर्यंत जाळीत कीटक एक आहे की दोन, हे कळत नाही. शेतात, रानात आपण कीटकांची संख्या मोजतो तेव्हा हा हिशेब कायम अपुरा असतो, आणि माझ्या मते कीटकांबद्दलचं आपलं बरंचसं बोलणंच या अपुऱ्या मोजणीवर उभं आहे.

आतली अळी सावकाश वाढते. उन्हाळाभर ती पोटातच असते. यजमान मरून उपयोग नाही, कारण तो प्यायचा थांबला तर तीही संपली. म्हणून ती लगेच जीव घेत नाही, पण त्याची वीण थांबते. मादी असेल तर अंडाशय भरत नाहीत. तिच्याबरोबरच्या दुसऱ्या माद्या शरद ऋतूत वाळक्या काड्यांत अंडी घालून ठेवतात. तिच्याजवळ घालायला काहीच नसतं. अखेरीस पोट जवळपास अळीनंच व्यापतं, अळी ते फाडून बाहेर पडते, मातीत शिरते आणि कोष करते. हिवाळा मातीत जातो. पुढच्या वर्षी नवे कीटक फेसाच्या खोल्यांतून बाहेर पडायला लागतात त्याच सुमारास माशाही मातीतून वर येतात. वर्षाला एकच पिढी, दोघांचीही. एकाचं पंचांग दुसऱ्यात गुंतलेलं आहे आणि त्यात चुकायला फारशी जागा नाही.

हे वाचून बहुतेकांच्या अंगावर काटा येतो. मला त्या काट्याबद्दल आदर आहे. तो खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर दिसायचं ते राहून जातं. मी बराच वेळ विचार करत बसतो तो त्या मधल्या दोन-तीन महिन्यांचा. तो कीटक तेव्हा काय असतो? मेलेला नाही. आजारीही दिसत नाही. ऊन खातो, पाणी पितो, वाऱ्यात देठ हलला की पाय रोवतो. त्याच्यामागे कुणी उरणार नाही हे खरं, पण त्याचा दिवस त्याचाच आहे. जीवशास्त्राच्या वहीत तो शून्य म्हणून मांडला जातो, कारण पुढच्या पिढीत त्याचा वाटा नाही. मला तो शून्य वाटत नाही.

आपल्या परंपरेत एक न्याय सांगतात, कीटभ्रमर न्याय. भृंगी अळीला धरून मातीच्या घरात कोंडते, अळी धाकानं आणि ध्यासानं तिचंच चिंतन करत राहते, आणि शेवटी स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. भक्त देवाचं ध्यान करता करता देव होतो हे सांगायला किती कीर्तनांत हा दृष्टांत आलाय. कुंभारमाशीच्या घरट्यात काय होतं ते आता माहीत आहे. अळी डंखानं लुळी करून ठेवलेली असते आणि तिच्यावर माशीचं पिल्लू वाढतं. पण हा न्याय ज्यांनी पहिल्यांदा सांगितला त्यांनी नीट पाहिलेलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आत गेली ती अळी, बाहेर आली ती माशी. मधला काळ भिंतीआड. अळीचं शरीर खरोखरच माशीचं शरीर झालेलं असतं, तेवढा भाग शब्दशः खरा आहे. फेसातल्या कीटकालाही असा एक भृंग आहे. अर्गोगोरायटेस नावाची एक युरोपीय गांधीलमाशी थेट फेसातून पिल्लू ओढून काढते, डंख मारून लुळं करते आणि जमिनीतल्या आपल्या घरट्यात नेऊन ठेवते. फेस सगळ्यांना थोपवत नाही.

आणखीही आहेत. अमेरिका खंडांत फळांवरच्या चिलटांची काही नातलग आपल्या अळ्या या फेसातच वाढवतात आणि त्या आतल्या पिल्लाला लागून राहतात. जेमतेम एक मिलिमीटरची ऊक्टोनस नावाची एक गांधीलमाशी फिलीनसच्या अंड्यातच अंडं घालते, म्हणजे फेस यायच्या कितीतरी आधी. २०२० मध्ये कॉर्सिका बेटावरून तिची नोंद प्रसिद्ध झाली. आणि तुडतुड्यांच्या या सगळ्या गोतावळ्यात स्ट्रेप्सिप्टेरा गणाचे कीटक शिरतात, त्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांतल्या नराला पंख आणि डोळे असतात. बहुतेक जातींत मादीला पंख नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. यजमानाच्या पोटाच्या दोन वळ्यांमधून तिच्या शरीराचं पुढचं टोक तेवढं बाहेर डोकावतं. ती तिथंच मोठी होते, तिथंच तिच्याकडे नर येतो, तिथंच तिच्या अंगातून तिची पिल्लं बाहेर सुटतात. एकदा आत शिरल्यावर बाहेरचं जग ती पुन्हा पाहत नाही. तिचं घर उड्या मारत असतं आणि ती त्या घराबरोबर फिरत असते.

मोठ्या डोक्याच्या त्या माशीकडे जगाचं लक्ष गेलं ते मात्र तिच्यासाठी नव्हे, ऑलिव्हसाठी. २०१३ मध्ये इटलीच्या टाचेत, पुलिया प्रांतातल्या सालेंतोमध्ये ऑलिव्हची झाडं वाळण्यामागे झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू असल्याचं उघड झालं. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या तुंबवतो. त्याच नळ्यांना सोंड लावणारा फिलीनस तो एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेत होता. तोवर या कीटकाला युरोपात फारसं कुणी कीड म्हणत नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत लाखो झाडं गेली. त्यांतली कितीतरी शेकडो वर्षांची होती, पणजोबांनी ज्यांच्या सावलीत जेवण केलं अशी. वसंतात बागेतलं गवत उखडायचे हुकूम निघाले, म्हणजे फेसातली पिल्लंच मरावीत. आणि मग शोध सुरू झाला की या कीटकाचे वैरी कोण. उत्तर इटलीत व्हेरालियावरचं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं ते या धांदलीतून.

इथं एक पेच आहे, आणि तो मला सारखा टोचतो. माशीनं धरलेला कीटक वांझ होतो, पण उन्हाळाभर जिवंत राहतो आणि पीत राहतो. त्याच्या सोंडेत जिवाणू असला तर तो पसरवायला काही आडकाठी नाही. म्हणजे माशी यंदाच्या झाडाला वाचवत नाही. तिच्यामुळे पुढच्या वसंतात फेस कमी दिसेल, एवढंच. वर्षाला एकच पिढी असल्यामुळे तिला प्रयोगशाळेत भराभर वाढवून बागेत सोडणंही सोपं नाही. घाईत असलेल्या माणसाला ती निराश करते. काहींनी मग उत्तर अमेरिकेतून युरोपात पसरलेल्या एका शिकारी ढेकणाचं नाव पुढं केलं. समोर येईल त्याला तो भोसकतो. मला स्वतःला असल्या उपायाची धास्ती वाटते. हजारो वर्षांत ज्याचं पंचांग एका यजमानाशी जुळलंय त्याच्याऐवजी, ज्याला कुणीही चालतं अशाला बोलवायचं, हे दुःखाच्या भरात समजण्यासारखं आहे, पण शहाणपणाचं नाही.

आपल्याकडे हा विषय ऊस लावणाऱ्याला वेगळ्या दारानं ठाऊक आहे. पायरिला, आमच्याकडे जिला पाकोळी म्हणतात, ती फेस करत नाही. ती साखरेचा रस पिते. पण गोतावळा तोच. पेंढ्याच्या रंगाची, चोच पुढं काढलेली; पिल्लांना मागं दोन पांढरी पिसं. तिचा चिकट स्राव पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि फड काळवंडतो. तिच्या अंगावर एका पतंगाची अळी चढते, एपिरिकॅनिया मेलॅनोल्युका. पतंगाची अळी म्हणजे पानं खाणारी, असं आपण गृहीत धरतो, आणि ही मात्र दुसऱ्या कीटकाच्या पाठीला चिकटून त्याच्यावर पोसते. तिच्यावर पांढरं मेण असतं, त्यामुळे पाकोळीच्या अंगावर कापसाचा बारका पुंजका बसल्यासारखा दिसतो. वाढ पुरी झाली की ती उतरून उसाच्या पानावर पांढरा कोष विणते.

लहानपणी चुलत्यांबरोबर फडात शिरलो की ते पान उलटून असे कोष दाखवायचे. "ह्यास्नी हात लावू नगंस, ही आपली हायेत," म्हणायचे. कोष जास्त दिसले की त्या फडात औषध मारायचं नाही, असा त्यांचा नेम होता. कृषी खात्याचा सल्लाही तोच. ज्या फडात हे पतंग नाहीत तिथं हेक्टरी ४ ते ५ हजार कोष सोडायला सांगतात, आणि माणसं कोष असलेली पानं कापून नेऊन दुसऱ्या उसाच्या पानांना टाचून येतात. तोडणीनंतर पाचट जाळलं तर त्याबरोबर हेही जळतात. चुलत्यांना त्या पतंगाचं लॅटिन नाव माहीत नव्हतं, पण कोण कोणावर जगतं हे माहीत होतं, आणि त्यामुळे त्यांचा फवाऱ्याकडे जाणारा हात थांबत होता. तसला थांबलेला हात मला ऑलिव्हच्या बागेतही हवासा वाटतो, आणि जिथं ऊस नाही, तेल नाही, कुणाचा फायदा-तोटा नाही, त्या डोंगरउतारावरही.

कारण आपल्या उतारांवरचा फेसही रिकामा असेल असं मला वाटत नाही. मोठ्या डोक्याच्या माशांच्या अळ्या आशियातल्या भातखाचरांतल्या हिरव्या तुडतुड्यांत सापडतात. मग त्याच खाचरांच्या बांधावर फेस करणारे जे आहेत त्यांच्यात बघायला हवं. हे काम महागड्या यंत्रांचं नाही. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं आंबोलीत, चोर्ल्यात, कासच्या अलीकडच्या कुठल्याही उतारावर पावसाळाभर एकच जागा धरावी. फेस दिसतोय तोवर कुठल्या देठावर दिसतोय ते लिहावं. फेस वाळून प्रौढ दिसायला लागले की जाळीनं थोडेच धरावेत. काहींचं पोट मिठाच्या पाण्याच्या थेंबात, भिंगाखाली, दोन सुयांनी उघडावं. आत बिनपायाची, पांढरट अळी सापडली तर उरलेले कीटक उघडू नयेत. त्यांना त्याच झाडाच्या कुंडीवर, मलमलीच्या जाळीत, खाली ओलसर माती ठेवून जगू द्यावं. नुसत्या अळीवरून जात ओळखणं फार अवघड असतं. त्यासाठी अळीला मातीत उतरून कोष करू द्यावा लागतो, आणि माशी वर येईपर्यंत ती कुंडी कुणी आवरून टाकणार नाही, एवढं बघावं लागतं.